चूल विझेल, बंबाचं काय?

दिवाळी सरून थंडीचा पहिला झटका आला की दोन गोष्टी हमखास होतात. निफाडचा पारा किती उतरला त्याची बातमी येते आणि तिच्या मागोमाग, कुठल्या तरी परिसंवादात, लेखात किंवा अधिकाऱ्याच्या भाषणात, ती जुनी तक्रार ऐकू येते: सरकारने घरोघरी गॅस दिला, तरी बाया डोक्यावर मोळ्या घेऊन हिंडतातच. तक्रारीला जोडून कारणंही तयार असतात. सवय. अडाणीपणा. फुकटचं ते हवंच. चुलीवरच्या भाकरीची चव. आणि शेवटचा आरोप, जंगल यांनीच संपवलं.

ही तक्रार करणाऱ्यांना खोटं बोलायचं नसतं. मोळ्या खरंच दिसतात, गॅसजोडणीही खरंच दिलेली असते. चूक आहे ती चूल म्हणजे स्वयंपाकाचं साधन, असं धरून चालण्यात. ज्याच्या न्हाणीघरात गीझरचं बटण आहे त्याला चूल तेवढीच दिसणार. पण हिवाळ्यातली चूल भाकरीआधी पाणी तापवते. पहाटे पेटते ती आंघोळीसाठी, दुभत्या म्हशीच्या आंबोणासाठी, थंडीने आखडलेल्या म्हाताऱ्याच्या हातापायांसाठी. भाकरीचा नंबर नंतर लागतो. गॅस आला तो त्या शेवटच्या कामासाठी. पहिल्या कामांचं काय करायचं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हिशेब करून पाहू. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचं त्यात काही नाही. हिवाळ्यात हौदातलं पाणी १८ अंशांवर असतं असं धरा. आंघोळीला ते ४२ अंशांवर हवं. वीस लिटरची एक बादली चोवीस अंशांनी तापवायला सुमारे दोन मेगाज्यूल उष्णता लागते. गॅसच्या शेगडीवर जळणाऱ्या उष्णतेतली साठ टक्क्यांच्या आसपास पातेल्यात उतरते, बाकी आजूबाजूला जाते. म्हणजे एका बादलीला सत्तर ते पंचाहत्तर ग्रॅम गॅस. घरात पाच माणसं असतील आणि प्रत्येकाला एकच बादली मिळणार असेल, तर रोज साडेतीनशे ग्रॅमच्या वर. १४.२ किलोचं सिलिंडर नुसत्या आंघोळीच्या पाण्यावर चाळीस दिवसांत संपतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत तीन सिलिंडर. त्यात ना भाकरी, ना कोरड्यास, ना चहा.

आता हे तीन सिलिंडर सरकारी आकड्यांशेजारी ठेवा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत, महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिली गेली. आज हा आकडा दहा कोटींच्या पुढे गेला आहे. पण २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाने वर्षभरात भरून घेतलेली सिलिंडरं सरासरी चारच्या घरात होती. तिकडे पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक पूर्ण गॅसवर करायचा म्हटलं तर सिलिंडर महिना-सव्वा महिन्यात संपतं. चार सिलिंडरांत वर्षाचा स्वयंपाकच होत नाही, तिथे तीन सिलिंडरं बादल्यांत ओता, असं सांगणारा माणूस एकतर हिशेब करत नाही किंवा आंघोळ करत नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडरं मोफत द्यायचं ठरवलं. योजनेचं मी स्वागतच करीन. पण योगायोग बघा, मोफत मिळणारी तीन आणि हिवाळ्याच्या आंघोळीला लागणारीही तीनच. अन्नपूर्णेने दिलेलं सगळं मोरीतून वाहून गेलं तरच ती बाई रानात जायची थांबेल. ती तसं करत नाही. गॅस राखून वापरते: सकाळचा चहा, पाहुणे आले तर पोहे, पावसाळ्यात सरपण ओलं झालं तर भात. बाकीच्याला लाकूड. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने आपल्या घरचं मासिक अंदाजपत्रक एकदा तिच्या हाती द्यावं, ती ते नीट चालवून दाखवेल.

लाकडाच्या बाजूनेही तोच हिशेब मांडता येतो आणि तो काही सुखाचा नाही. साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीत लाकडातली दहा-बारा टक्केच उष्णता भांड्याला लागते. बादलीमागे साधारण एक किलो वाळकं लाकूड जातं. चार महिन्यांचं सहा क्विंटल. वीस किलोची मोळी धरली तर तीस मोळ्या, आणि त्याही फक्त आंघोळीसाठी. या तीस मोळ्या कुणी आळसापायी वाहत नाही. आळशी माणूस गार पाण्याने आंघोळ करील किंवा करणारच नाही.

मग हा एवढा मोठा खर्च धोरण आखणाऱ्यांच्या नजरेतून सुटला कसा? मला वाटतं, प्रश्नावलीतूनच सुटला. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत घराला न्हाणीघर आहे का, हे विचारलं होतं. स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हेही विचारलं होतं आणि देशातल्या जवळपास निम्म्या घरांनी लाकूड असं उत्तर दिलं होतं. न्हाणीघरातलं पाणी कशावर तापतं, हा रकाना मात्र नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के घरं 'स्वयंपाकाला स्वच्छ इंधन' वापरणारी ठरली. ठरोत बापडी. त्यातल्या किती घरांच्या मागच्या पडवीत पहाटे पाणी तापवायचा बंब धुमसतो, ते या आकड्यावरून कळायचं नाही. आणि जे मोजलं नाही ते नसतंच, असं कचेरीत मानतात. म्हणून मोळी दिसली की ती सवयीच्या खात्यावर मांडली जाते.

बरं, हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या पुरा या गावाचा आणि शेजारच्या गावांचा ऊर्जेचा ताळेबंद मांडला, तेव्हा आंघोळीचं पाणी त्यांनी स्वयंपाकापासून वेगळं मोजलं आणि पुढे पाणी तापवायची वेगळी चूलही बनवली. ही पाहणी १९७० च्या दशकातली आहे.

आग स्वयंपाकाबाहेरच्या गरजेसाठीही पेटते, हे दिल्लीत मात्र सरकारला लख्ख कळतं. तिथे हिवाळ्यात हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात. उघड्यावरच्या शेकोट्यांना बंदी असते आणि तिच्याच जोडीला रहिवासी संघांना सूचना असते की रखवालदारांना विजेचे हीटर द्या. म्हणजे माणूस शेकोटी पेटवतो ती थंडी वाजते म्हणून, सवय म्हणून नव्हे, एवढं तिथे मान्य आहे. आग काढून घ्यायची तर ऊब द्यावी लागेल, हेही मान्य आहे. हीच अक्कल अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या डाबसारख्या गावापर्यंत किंवा तोरणमाळच्या पठारावर का पोचत नाही? तिथे थंडीत दव गोठतं. निफाडच्या बागाईतदाराचा पारा चार-पाच अंशांवर आला की तो द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो आणि त्याचं आपण कौतुक करतो. करायलाही हवं, वर्षाचं पीक आहे ते. पण द्राक्षाला ऊब लागते हे ज्यांना समजतं त्यांना त्या बागेत छाटणीला आलेल्या मजुराच्या झोपडीतल्या लेकराला ती लागते, हे समजायला एवढा वेळ का लागावा?

आता जंगलाचा आरोप. हा जुना आहे आणि प्रतिष्ठितही आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्डवॉच संस्थेसाठी एरिक एकहोम यांनी जळाऊ लाकडाच्या संकटावर एक पुस्तिका लिहिली. तेलटंचाईचे दिवस होते, पुस्तिका जगभर गाजली आणि गरिबांच्या चुली जंगलं गिळणार हे गृहीत झालं. पुढच्या वर्षांत ठिकठिकाणी पाहण्या झाल्या तेव्हा चित्र निराळं निघालं. खेड्यातलं बरंचसं सरपण जंगल तोडून येतच नव्हतं. ते बांधावरून, ओढ्याकाठून, पडीक रानातून, शेतातल्या धसकटांतून येत होतं.

आपल्याकडे हे सांगायला पाहणी तरी कशाला हवी? विदर्भात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून घरामागे रचतात. मराठवाड्यात तुराट्या. देशावर वेडी बाभूळ, जी तोडून संपत नाही आणि जिच्या काट्यांमुळे तिला दुसरं कुणी हात लावत नाही. कोकणात नारळाची सोडणं, झावळ्या, करवंट्या. सगळीकडे गोवऱ्या. कोल्हापूर-सांगलीकडे बंबात शेंगांची टरफलं, मक्याची बुरकुंडं, ढलप्या, सुताराकडचा भुसा, जे हाताला लागेल ते जातं. ही झाडतोड नव्हे, ही घरची झाडलोट आहे. त्यातही पऱ्हाटीची गंमत ऐका. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून कृषी विभाग म्हणतो की पऱ्हाटी शेताजवळ रचून ठेवू नका, नष्ट करा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण ज्या घराचं वर्षाचं सरपण तुम्ही नष्ट करायला सांगता, त्या घरात पाणी कशावर तापणार, हे त्या पत्रकात नसतं. एका खात्याची पऱ्हाटी दुसऱ्या खात्याच्या जंगलाला वाचवते, हे कुठल्याच खात्याला ठाऊक नाही.

जंगलातून मोळी येतच नाही असं मी म्हणणार नाही. येते. सातपुड्यात येते, गडचिरोलीत येते, शहराच्या कडेच्या टेकड्यांवरून येते आणि जिथे मोळी विकायला बाजार आहे तिथे टेकड्या बोडक्याही होतात. चंद्रपूरच्या बाजूला सरपणाला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या वाचताना कुणाच्याही मनात येईल की हे थांबलं पाहिजे. व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांना वनविभागाने जन-वन विकास योजनेतून गॅस दिला तो याचसाठी, आणि ते योग्यच केलं. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. बाई डोक्यावर घेते ती बहुतेक वाळकी फांदी, कारण ओलं लाकूड जडही असतं आणि जळतही नाही. आणि वनहक्क कायद्याने २००६ मध्ये गौण वनोपजाची जी व्याख्या केली तिच्यात काटक्याकुटक्या आणि झाडांची खोडकी येतात. २००८ च्या नियमांत ती डोक्यावरून किंवा सायकलवरून नेण्याचाही उल्लेख होता. म्हणजे ज्या मोळीकडे बोट दाखवून चोरी म्हटलं जातं तिच्यामागे बहुतेक वेळा कायदा उभा असतो. विदर्भात तर निस्ताराचा हक्क इंग्रजांच्या कागदांतही होता. रत्नागिरीच्या मालकी जंगलांतून ओंडके भरून जे ट्रक घाट चढतात, त्यांच्याकडे मात्र फारसं कुणाचं बोट वळत नाही. मोळी दिवसाढवळ्या रस्त्याने चालते म्हणून तिचं पाप मोठं दिसतं, दुसरं काय.

इथवर वाचून कुणी मला चुलीचा भक्त समजला असेल तर तेही खोडून काढतो. चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण, असे फलक लावून महामार्गावर जो धंदा चालतो त्यातली चूल मला ठाऊक आहे. तिथे फुंकणी घेऊन बसलेली बाई पगारी असते आणि धुराने डोळे चोळत बसलेलं गिऱ्हाईक तासाभराने गाडीत बसून निघून जातं. घरातल्या चुलीचा धूर असा निघून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. २०१९ साली भारतातल्या अशा मृत्यूंचा अंदाज सहा लाखांच्या वर होता. बंद खोलीत बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवण्याची चाल अजून आहे. त्या निखाऱ्यांतून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि तो जीव घेतो. 'आमच्या आज्या नाही का जगल्या' असं म्हणणाऱ्यांनी आज्यांचे खोकलेही आठवावेत. धूर गेलाच पाहिजे, यात माझा वाद नाही. वाद आहे तो धुराचं अर्धं कारण नजरेआड करून उरलेल्या अर्ध्यावर जाहिरात करण्याशी.

कारण पाणी तापवणं आणि ऊब हे काम वेगळं मानलं असतं तर त्याची उत्तरंही वेगळी निघाली असती. देशात १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या आणि २००२ मध्ये तो गुंडाळला. त्या चुली मुख्यतः भाकरी-भाताच्या मापाने घडवलेल्या. पाण्याचा हंडा त्यांच्यावर नीट बसला तर बसला. उलट कुणा सरकारचं अनुदान न घेता आपल्या तांबटांनी जे भांडं घडवलं तो बंब बघा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी, राख पडायला मोकळी जागा, बाजूला तोटी. आग पाण्याच्या पोटातच असल्यामुळे चुलीपेक्षा कितीतरी कमी जळणात भागतं, आणि नळीला पाइप जोडून तो छपराबाहेर काढला तर धूरही बाहेर जातो. तांब्याचा बंब आज मजुराच्या आवाक्यात राहिलेला नाही. तोच पत्र्याचा, पाइपासकट, अनुदानावर द्यावा असं कुठल्याही योजनेत मी पाहिलेलं नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत काढली आणि २००२ मध्ये तिला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला, टाळ्या झाल्या, पाचट अजून फडातच पेटतं.

आणि लाकूड वाळवणं ही तर योजनासुद्धा नको असलेली गोष्ट. ओल्या लाकडातली बरीच उष्णता त्यातलंच पाणी उडवण्यात जाते, धूर होतो तो यातूनच. गावाकडच्या बायांना हे कुणी शिकवावं लागत नाही. शिमग्यानंतर लाकडं फोडून उन्हात टाकायची, ढलप्या वेगळ्या, जाड ओंडके वेगळे, मृगाच्या आत सगळं पडवीत नाहीतर माळ्यावर, ही बेगमी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली आहे. अडचण ज्ञानाची नाही, छपराची आहे. एका खोलीच्या घरकुलात पडवी कुठून आणायची? इंग्लंडने १ मे २०२१ पासून किरकोळ विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको, असा नियम केला. तिथे शेगडीच्या लाकडाची एवढी काळजी. इथे घरकुलाच्या नकाशात सरपण ठेवायला चार पत्र्यांची जागा धरलेली नसते.

राहता राहिला विजेचा सल्ला. कॉइल घ्या म्हणतात. एका बादलीला सहा-साडेसहा दशांश युनिट, पाच बादल्यांना तीन युनिट, महिन्याला नव्वद. महावितरणचा सर्वांत स्वस्त टप्पा शंभर युनिटांचा. म्हणजे घरात एक दिवा आणि एक पंखा असला की आंघोळीने पुढच्या टप्प्यात ढकललंच. शिवाय मातीच्या भुईवर, अर्थिंग नसलेल्या घरात, ओल्या हातांनी कॉइल हाताळायचा सल्ला देणाऱ्याने आधी तो स्वतः पाळून दाखवावा. सौर बंब उत्तम, ज्याला पक्कं छप्पर, नळ आणि वर टाकी आहे त्याच्यासाठी.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी एका माणसाचं उत्तर त्या तक्रारीवाल्यांना द्यावं लागेल. तो ऊसतोडीला जातो. बीड, अहिल्यानगरचे पाथर्डी-शेवगाव, जालना इथून कोयते निघतात दिवाळीच्या आसपास आणि परत येतात होळीच्या पुढेमागे. म्हणजे सबंध हिवाळा परगावी, फडाच्या कडेला, कोपीत. गॅसजोडणी गावी, कुलूपबंद घरात. २०२१ च्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चालतं. सोय चांगलीच आहे, पण घोषणापत्राने पाणी तापत नाही. उचल फेडायची, टोळीबरोबर पहाटे तीन-चारला निघायचं, त्याआधी भाकऱ्या बांधायच्या, लेकरांना पाणी द्यायचं. हे सगळं तीन दगडांवर आणि पाचटावर. पाचट भक्कन पेटतं आणि क्षणात विझतं, त्यामुळे एक बाई सारखी तिथे बसूनच हवी. बहुतेकदा तिची दहा-बारा वर्षांची मुलगी बसते.

आणि हे चालतं कुठे, तर साखर कारखान्याच्या गाडीतळावर, धुराड्याच्या सावलीत. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. रस आटवताना ते वाफ होऊन निघतं आणि निवून पुन्हा गरम पाणी होतं. इतकं, की कारखान्याला त्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो. तिथे रात्रंदिवस कारंजी चालतात ती शोभेची नसतात. गरम पाणी हवेत उडवून गार करायला ती बसवलेली असतात. कुंपणाच्या आत पाणी गार करायला वीज जाळायची आणि कुंपणाच्या बाहेर, ज्यांनी तो ऊस तोडून आणला त्यांच्या पोरींनी पाणी गरम करायला पाचट जाळायचं. कुंपणातून एक नळ बाहेर काढायला कुठली योजना लागते, कुणाची मंजुरी लागते, हे तक्रार करणाऱ्यांनी येत्या गळीत हंगामाआधी कारखान्याच्या संचालकांना विचारावं. मोळीवाल्या बाईला नंतर विचारता येईल.